वास्तूचा कार्यभार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत पावर हाउस येथील आपल्या सभागृहात दिलेले भाषण. मुद्रणासाठी अल्पसा संस्कार केला आहे.)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, याबद्दल मी आपणा सर्वांचा ऋणी आहे. मी वास्तुशास्त्रज्ञ नाही, पुरातत्त्वाचा अभ्यासकही नाही. इतिहास घेऊन बी.ए. झालो आणि तेव्हापासून केंद्र सरकारच्या नोकरीत गावोगाव हिंडत राहिलो. या हिंडण्यात जुन्या इमारती पाहण्याचा छंद जडला. माझ्या बोलण्याला अधिकार असलाच तर तो एवढाच.

आजचा विषय फलकावर वाचून काही मंडळींना नवल वाटले असेल. गणेशोत्सव, कोजागरी आणि संक्रांतीचे हळदीकुंकू करणाऱ्या आपल्या मंडळात जुन्या ख्रिस्ती देवालयांच्या अंतर्भागाची चर्चा कशासाठी? त्याचे कारण आपल्याच घरात आहे. आपण बसलो आहोत त्या या सभागृहाचे पुढे काय करावे, हा प्रश्न येत्या सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. ज्या समाजाने एक वास्तू श्रद्धेने उभारली, तो समाज विरळ झाला किंवा त्याच्या गरजा बदलल्या, म्हणजे त्या वास्तूचे काय करायचे, हा प्रश्न गेल्या दोन शतकांत ख्रिस्ती देवालयांइतका दुसऱ्या कोणत्याही वास्तुप्रकारापुढे क्वचितच उभा राहिला असेल. लोकांनी त्याची चांगली उत्तरे दिली, वाईटही दिली. ती दोन्ही पाहून घ्यावीत आणि मग आपल्या प्रश्नाकडे यावे, असा माझा बेत आहे.

प्रारंभ महाराष्ट्रापासूनच करू. मुंबईत बोरिवलीजवळ मंडपेश्वर नावाचे लेणे आहे. साधारण सहाव्या शतकात कोरलेले हे शिवालय. सोळाव्या शतकाच्या मध्यास साष्टी पोर्तुगीजांच्या अमलाखाली असताना फ्रान्सिस्कन पंथाच्या धर्मगुरूंनी या लेण्याचे चर्च केले आणि वरच्या टेकाडावर आपले विद्यालय बांधले. त्याचे भग्नावशेष आजही तेथे दिसतात. लेण्यात त्यांनी दोन प्रकारचे बदल केले. काही शिल्पे त्यांनी भिंतीआड आणि गिलाव्याआड झाकून टाकली. एके ठिकाणी मात्र त्यांनी भिंतीच्या पाषाणातच मोठा क्रूस कोरला. पुढे १७३७ साली साष्टी मराठ्यांच्या हाती आली आणि कालांतराने लेणे पुन्हा शिवालय झाले. जे झाकले होते ते उघडता आले. नृत्यमग्न शिवाचा शिल्पपट आज आपण पाहू शकतो. जेथे क्रूस कोरला तेथे पूर्वी जे काही होते ते मात्र कायमचे गेले. आता तो क्रूसही इतिहासाचा भाग झाला आहे. तो खरवडून टाकणे म्हणजे एका हानीवर दुसरी हानी करणे होईल.

कोणाचा धर्म श्रेष्ठ आणि कोणी कोणावर अन्याय केला, या वादात मला आज शिरावयाचे नाही. मला दाखवावयाचे आहे ते एवढेच की एकाच लेण्यात, एकाच हेतूने, एकाच लोकांनी केलेल्या दोन बदलांपैकी एकाला परतीची वाट होती आणि दुसऱ्याला नव्हती. बदल करणाऱ्याने परतीचा विचार केला होता असे नाही. पण त्याने वापरलेल्या पद्धतीत ती वाट राहिली किंवा बुजली. वास्तूचे संरक्षण करणारे आज ज्याला पूर्ववत करता येण्याजोगा बदल म्हणतात, त्याचे मर्म या एका उदाहरणात सामावले आहे.

आपल्या लोकांनीही परक्याची वस्तू आपल्या कामी लावली, आणि कधीकधी फार सुरेख रीतीने लावली. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली. तेथील चर्चमधील घंटा नंतर महाराष्ट्रातील देवळांत टांगल्या गेल्या, असे सांगितले जाते. वाईजवळ मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर अशी एक घंटा आहे. तिच्यावर १७०७ हे साल आहे, आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृतीही आहे. नाशिकची नारोशंकराची घंटा तर आपल्या बोलण्यातच येऊन बसली. मोठ्या आवाजाच्या माणसाला आपण सहज त्या नावाने संबोधतो. या घंटा वितळवून कोणी समया ओतल्या नाहीत. त्यांच्यावरची अक्षरे कोणी कानशीने घासली नाहीत. घंटेचे काम नाद करणे. ते काम तिने देवळात चालू ठेवले आणि आपली जन्मखूणही अंगावर जपली. नव्या धन्याची चाकरी आणि जुन्या घराची ओळख ही दोन्ही एकत्र नांदू शकतात, हे त्या अशिक्षित धातूने सिद्ध केले आहे.

वसईच्या किल्ल्यातील चर्चच्या वास्तू मात्र तशा कामी आल्या नाहीत. आपल्यापैकी अनेकांनी तेथील उंच, छपराविना उभ्या असलेल्या भिंती पाहिल्या असतील. वापर थांबला की वास्तू मरते. छपराचे एक कौल सरकते, पाणी झिरपते, तुळई कुजते, पिंपळाचे बी भिंतीत रुजते. मग शत्रूच्या तोफेची गरज उरत नाही. म्हणून 'जुन्या वास्तूला हात लावू नका, तिला कुलूप घाला' असे म्हणणारे तिचे हितचिंतक असतात खरे, पण तिचे आयुष्य वाढवीत नाहीत.

याचे सर्वांत बोलके उदाहरण जुन्या गोव्यात आहे. तेथे मोन्ते सांतो, म्हणजे पवित्र टेकडी, नावाच्या उंचवट्यावर ऑगस्टिनियन पंथाच्या दोन वास्तू रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर आहेत. एक पुरुषांचा मठ व त्याचे भव्य चर्च, आणि दुसरा सांता मोनिका हा स्त्रियांचा मठ. या दुसऱ्या मठाची स्थापना १६०६ साली झाली, बांधकाम १६२७ च्या सुमारास पुरे झाले. १६३६ साली त्याला आग लागली आणि तो पुन्हा बांधला गेला. १८३४ साली पोर्तुगालमध्ये धर्मपंथांचे मठ बंद करण्याचा हुकूम निघाला आणि त्याची अंमलबजावणी गोव्यातही झाली. पुरुषांचा मठ रिकामा करण्यात आला. पुढे काय झाले ते पाहा. १८४२ साली, म्हणजे अवघ्या सात-आठ वर्षांत, चर्चची प्रचंड कमान कोसळली. १९३१ साली दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला. आज जांभ्या दगडाचा उरलेला मनोरा तेवढा एखाद्या तुटक्या बोटासारखा आकाशाकडे रोखून उभा आहे. त्याची घंटा मात्र वाचली. ती १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे.

समोरच्या सांता मोनिकेत नव्या मठवासिनींना प्रवेश बंद झाला, पण तेथे राहणाऱ्यांना राहू देण्यात आले. त्यांच्यानंतर वास्तू सैन्याच्या कामी आली. गोवा मुक्त झाल्यावर १९६४ पासून तेथे मठवासिनींना धर्मशिक्षण देणारी संस्था आहे. माणसे बदलली, कामे बदलली, पण दिवा लागत राहिला आणि पावसाळ्यापूर्वी छपराकडे कोणीतरी पाहत राहिले. जांभा तोच, चुना तोच, पाऊसही तोच. एक वास्तू पडली आणि एक राहिली. दोघींच्या दैवातील मुख्य भेद वापराचा होता.

या सांता मोनिकेच्या चर्चच्या भागात आज ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे, आणि त्या संग्रहालयाची हकिगत आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याची आहे. ते मुळात येथे नव्हते. इन्टॅक ही आपल्याकडची वारसा-संस्था आणि पोर्तुगालमधील गुल्बेंकियन प्रतिष्ठान यांच्या साहाय्याने ते १९९४ साली सासष्टीतील राशोल, म्हणजे रायतूर, येथील धर्मशिक्षणालयात उघडले. हे रायतूर मराठीच्या अभ्यासकांना चांगले परिचित आहे. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली प्रथम छापले गेले ते याच ठिकाणी. काही वर्षांनी संग्रहालय अधिक सोयीच्या जागी न्यावे असे ठरले, आणि २००२ साली ते उचलून जुन्या गोव्याला सांता मोनिकेत आणण्यात आले. अलीकडे मोठ्या नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये ते पुन्हा खुले झाले आहे. हस्तिदंत, चांदी आणि लाकूड यांतील जे काम तेथे मांडले आहे, त्यातील पुष्कळसे आपल्याच देशातील कारागिरांच्या हातचे आहे. मूर्ती ख्रिस्ती असली तरी तिच्या वस्त्रांच्या चुण्यांत आणि वेलबुट्टीत ओळखीचा हात दिसतो.

श्रोतेहो, संग्रहालय राशोलमध्ये आले, आठ वर्षे राहिले आणि निघून गेले. धर्मशिक्षणालय मात्र आपल्या जागी धर्मशिक्षणालयच राहिले. पाहुणा आला, मानाने राहिला, निघताना त्याने घराची भिंत बरोबर नेली नाही. वास्तूच्या नव्या वापराकडून याहून अधिक काही मागण्याची गरज नाही. पण एवढे मात्र मागितलेच पाहिजे.

दीव बेटावरही अशी उदाहरणे आहेत. तेथील १५९८ चे सेंट थॉमस चर्च संग्रहालयाच्या कामी आले आणि सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चच्या वास्तूत रुग्णालय चालले. लहान बेटावर भाविक थोडे आणि थोरली देवालये तीन. मग गावाने एक भक्तीला ठेवले, एक आठवणींना दिले आणि एक रोग्यांना दिले. या वाटणीत मला एक शहाणपण दिसते.

आता एका वेगळ्या प्रकारच्या उदाहरणाकडे वळतो. भिलाईकरांना रशियन माणूस परका नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या काळातील रशियन अभियंत्यांच्या कष्टाळूपणाच्या गोष्टी येथील वृद्ध मंडळी आजही प्रेमाने सांगतात, आणि आपली मुले मैत्री बागेत खेळून मोठी झाली आहेत. त्यामुळे मी जे सांगतो ते कोणाच्या निंदेसाठी नाही, हे आपण जाणालच.

तेव्हाच्या लेनिनग्राडमध्ये, नेव्हस्की राजमार्गावर, सेंट पीटर नावाचे जर्मन लूथरपंथीयांचे मोठे चर्च आहे. १८३० च्या दशकात वास्तुविशारद अलेक्सांद्र ब्र्युलॉव यांनी ते बांधले. १९३७ साली ते बंद झाले. काही काळ तेथे गोदाम होते. १९६२ साली, म्हणजे येथे आपली पहिली भट्टी धगधगू लागल्यानंतर थोड्याच वर्षांत, त्या चर्चमध्ये सार्वजनिक पोहण्याचा तलाव सुरू झाला. मुख्य दालनाच्या जागी काँक्रीटची टाकी ओतली, बाजूंना प्रेक्षकांसाठी पायऱ्या केल्या, आणि वेदीच्या बाजूला उड्या मारण्याचा मनोरा उभा राहिला. मुलांना पोहायला मिळावे या हेतूत वाईट काहीच नव्हते. पण काळ पालटला. १९९० नंतर चर्च त्याच्या मंडळींना परत मिळाले, आणि मग अडचण ध्यानी आली. ती टाकी वास्तूच्या हाडामांसाशी अशी एकजीव झाली होती की ती फोडून काढली असती तर भिंती आणि खांब धोक्यात आले असते. शेवटी टाकी तशीच ठेवून तिच्या वर नवी जमीन करण्यात आली आणि १९९७ साली उपासना पुन्हा सुरू झाली. आजही तेथे भाविक प्रार्थनेला उभे राहतात ते मूळ जमिनीपेक्षा बऱ्याच उंचीवर. पायांखाली ती कोरडी टाकी आहे.

त्याच राजमार्गावरील कझान कॅथीड्रलमध्ये १९३२ साली धर्म आणि निरीश्वरवाद यांच्या इतिहासाचे संग्रहालय केले होते. विचार म्हणून पाहिले तर तलावापेक्षा हा आघात मोठा. देवाच्या घरात देव नाही असे सांगणारे प्रदर्शन! पण प्रदर्शनाचे फलक आणि कपाटे उचलता येतात. १९९१ पासून तेथे पुन्हा उपासना सुरू झाली आणि पुढे संग्रहालय अन्यत्र गेले. म्हणजे ज्यांचा हेतू अधिक विरोधी होता, त्यांच्या वापराला परतीची वाट राहिली; आणि ज्यांचा हेतू निरुपद्रवी होता, त्यांनी ती बुजविली. वास्तूला आपला हेतू कळत नाही, तिला आपले सिमेंट कळते. म्हणूनच 'आमचा उद्देश चांगला आहे' या एका वाक्यावर कोणत्याही समितीने वास्तूत फोडतोड करण्याची परवानगी देऊ नये.

पूर्ववत करता येण्याजोगा वापर प्रत्यक्षात कसा करतात, हे पाहावयाचे तर नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट शहरातील डोमिनिकन चर्चकडे जावे. हे तेराव्या शतकातील गॉथिक चर्च. १७९४ साली फ्रेंच सैन्याने शहर घेतले. नंतर धर्मपंथ गेला आणि दोनशे वर्षे या वास्तूने नाना वेश घेतले. गोदाम झाले, सभा-समारंभांची जागा झाली, सायकली ठेवण्याचे ठिकाण झाले. २००६ साली तेथे पुस्तकांचे दुकान आले. दुकानदाराला सुमारे बाराशे चौरस मीटर जागा हवी होती आणि चर्चची जमीन होती सुमारे साडेसातशे. साधा उपाय म्हणजे मध्ये आडवा मजला टाकणे. मेर्क्स आणि गिरो या वास्तुविशारदांनी तो नाकारला, कारण मजला पडला की चर्चची उंची संपली, आणि उंची संपली की ते चर्च राहिले नाही. त्यांनी एका बाजूला काळ्या पोलादाचे, जिने असलेले, अनेक मजली असे एक अवाढव्य पुस्तकांचे कपाटच उभे केले. दुसरी बाजू जमिनीपासून कमानीपर्यंत मोकळी ठेवली. वाचक जिना चढून वर गेला की जी कमान आणि जी भित्तिचित्रे खालून मान वर करून पाहावी लागत, ती त्याच्या डोळ्यांसमोर येतात. नवीन वस्तूने जुनी वस्तू झाकली नाही, उलट जवळ आणली.

पोलादनगरीत या रचनेची युक्ती समजावून सांगण्याची गरज नसावी. सांगाडा आपल्या पायांवर उभा राहतो, भिंतीचा किंवा जुन्या खांबाचा आधार घेत नाही. त्याचे पाय रुंद पट्ट्यांवर टेकवितात, म्हणजे भार एका बिंदूवर न पडता पसरतो. जुन्या चर्चच्या फरशीखाली थडगी असतात, हे विसरून चालत नाही. सांधे जोडावयाचे ते शक्यतो नट-बोल्टने, कारण वेल्डिंगचा सांधा सोडवायचा तर गॅसने कापावा लागतो आणि जुन्या लाकडी छताखाली ठिणगी ही मृत्यूची निमंत्रणपत्रिका आहे. विजेच्या तारा भिंत खणून नेण्याऐवजी सांगाड्याच्याच पोकळीतून न्यावयाच्या. जेथे गिलावा करणे भागच असेल तेथे चुन्याच्या जुन्या भिंतीला चुनाच लावावयाचा. सिमेंट चुन्यापेक्षा कठीण. ते काढू गेल्यास विटेचा किंवा दगडाचा पापुद्रा घेऊनच निघते. शिवाय ते भिंतीतील ओल बाहेर पडू देत नाही, मग ती ओल दगडालाच आतून खाते. चुना मऊ असतो, तो स्वतः झिजतो आणि दगडाला वाचवितो.

आणि मास्ट्रिख्टची गोष्ट येथेच संपत नाही. ज्या पुस्तक-कंपनीने हा थाट मांडला ती २०१२ साली दिवाळखोरीत निघाली, आणि तिची जागा घेणारी कंपनीही २०१४ साली बुडाली. नंतर स्थानिक मंडळींनी ते दुकान स्वतंत्रपणे सावरले. सातशे वर्षांच्या वास्तूत सात-आठ वर्षांत दोन धनी गेले! धनी असे येतात-जातात, हे गृहीत धरूनच वास्तूत हात घातला पाहिजे. यासाठीच १९६४ च्या व्हेनिस येथील आंतरराष्ट्रीय सनदेत म्हटले आहे की समाजोपयोगी वापर वास्तूच्या रक्षणाला साहाय्यक ठरतो, म्हणून तो इष्ट आहे. मात्र त्यापायी वास्तूची मांडणी आणि अलंकरण बदलता कामा नये. पुढे ऑस्ट्रेलियातील बुरा येथील सनदेने बदल पूर्ववत करता येण्यावर विशेष भर दिला.

या तत्त्वालाही मर्यादा आहेत, आणि त्या लपविणे योग्य होणार नाही. पहिली गोष्ट, असा वापर पुष्कळदा महाग पडतो आणि जागाही कमी मिळते. दुसरी, काही बदल पूर्ववत करता येतच नाहीत, तरीही करावेच लागतात. स्वच्छतागृहे, सांडपाण्याच्या नळ्या, आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट, वृद्ध व अपंगांसाठी उतरण, या गोष्टींवाचून आज सार्वजनिक जागा चालविणे उचित नाही. अशा वेळी शहाणे लोक तो बदल जुन्या दालनात न करता, मागे किंवा बाजूला नवी जोड देऊन तेथे करतात. तिसरी मर्यादा सर्वांत धोक्याची. 'हे काय, केव्हाही काढता येईल' असे म्हणत एकेक गोष्ट आत येते आणि तीस वर्षे कोणीच ती काढत नाही. बोल्ट गंजतो, काढलेली दारे वाळवी खाते, आणि कोठले दार कोठे होते हे सांगणारा माणूस निवृत्त होऊन पुण्याला गेलेला असतो. परतीची वाट नुसती ठेवून भागत नाही. तिचा नकाशाही पुढच्याच्या हाती द्यावा लागतो.

येथे मला माझ्या नोकरीतील एक साधी रीत आठवते. बदली झाली की अधिकारी कार्यभार सोपवितो. किल्ल्या, नोंदवह्या, जडवस्तूंची यादी, अपुरी प्रकरणे, सारे लिहून, मोजून, दोघांच्या सह्या होतात. त्या खुर्चीवर बसला असता त्याचा अधिकार मोठा असतो, पण ती खुर्ची त्याची नसते. येथे कारखान्याच्या क्वार्टरमध्ये ज्यांनी आयुष्य काढले त्यांना हे माझ्याहून अधिक ठाऊक आहे. आपण तेथे संसार केला, अंगणात आंबा लावला, मुलींची लग्ने केली, आणि निवृत्तीनंतर किल्ली परत करून कोणी पावर हाउसला, कोणी दुर्गला, कोणी नागपूरला नवे घर केले. त्या घरावर आपले प्रेम कमी होते असे कोण म्हणेल? वारसा म्हणून मिळालेल्या वास्तूशी आपले नाते असेच असते. ती मनसोक्त वापरावी. पण आपण घेतलेला निर्णय उद्याच्या माणसाला फिरविता येईल अशी सोय ठेवावी, कारण त्याच्या गरजा आपल्याला आज कळणे शक्य नाही.

आता आपल्या सभागृहाकडे येतो. ही काही गॉथिक वास्तू नव्हे. वीट, सिमेंट, लोखंडी कैच्या आणि शहाबादी फरशी. तीही अनेक ठिकाणी उखणलेली. पुरातत्त्व खात्याचा अधिकारी येथे कधी फिरकणार नाही. छत्तीसगढात मराठी माणूस नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून आहे, पण या गावात तो आला पोलादाच्या हाकेने. पगारातून वाचविलेल्या पैशांवर, रविवारच्या श्रमदानावर, त्या पिढीने ही चार भिंतींची जागा उभी केली. या रंगमंचावर तिने नाटके केली, येथे बारशी आणि मंगळागौरी झाल्या, आणि गाव सोडून आलेल्या सुनेला येथे पहिली मराठी मैत्रीण मिळाली. इतिहासाच्या पुस्तकात याची नोंद नाही. म्हणून तो इतिहास नाही असे होत नाही.

आज मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुण्याला, हैदराबादला, परदेशी गेली आहेत. गणेशोत्सवाचे दहा-बारा दिवस सोडले तर दालन बहुतेक रिकामे असते, आणि मालमत्ता कर, वीज, रंगसफेदी यांचा खर्च मात्र वर्षभर असतो. म्हणून शिकवणी वर्गाला जागा भाड्याने द्यावी, त्यासाठी रंगमंच तोडून विटांच्या भिंतींनी चार खोल्या पाडाव्यात आणि वर एक मजला टाकावा, असा प्रस्ताव आला आहे. तो मांडणाऱ्यांचा मी आदर करतो. ते सभागृहाला कुलूप लागू नये म्हणून धडपडत आहेत, आणि मोन्ते सांतोच्या कोसळलेल्या कमानीची गोष्ट त्यांच्याच बाजूची आहे. वापर हवाच. भाडेही हवे. भिलाईतील मुले येथे अभ्यास करतील, तर जागेचा याहून चांगला उपयोग कोणता?

माझा आग्रह पद्धतीपुरता आहे. विटांच्या भिंतींऐवजी पोलादी चौकटीचे, बोल्टने जोडलेले पडदे करावेत. गणेशोत्सवाच्या आधी ते दोन दिवसांत बाजूला घेता यावेत आणि दालन पहिल्यासारखे एकसंध व्हावे. रंगमंच तोडू नये. त्याच्यावर लाकडी पाट मांडून तोच वर्ग करावा. मजला टाकण्याचे रहित करावे, कारण त्याचा भार या पायाने पेलावा असा हिशेब कोणी केलेला नाही. नवी स्वच्छतागृहे आणि उतरण मागील मोकळ्या जागेत स्वतंत्र बांधावीत. ग्रंथालयाची कपाटे, जुनी दारे, देणगीदारांच्या नावांची पाटी, जे जे हलवावे लागेल त्यावर क्रमांक घालावा, छायाचित्र घ्यावे आणि यादी करावी. भाडेकराराच्या कागदात हेही लिहावे की जागा सोडताना भाडेकरूने ती पूर्ववत करून द्यावी आणि त्यासाठी अनामत ठेवावी. हा खर्च विटांच्या खोल्यांपेक्षा काहीसा अधिक येईल, जागा थोडी कमी मिळेल, भाडेही त्या मानाने कमी मिळेल. ही किंमत मी आपल्यापासून लपवू इच्छित नाही. ती द्यावी की नाही, हे सभेने ठरवावे.

कदाचित असे होईल की आपली नातवंडे येथे परत येणारच नाहीत. मग ही जागा दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल. छत्तीसगढी मंडळी येथे पंडवानीचा प्रयोग करतील, किंवा एखादे वाचनालय होईल. त्यांनाही रंगमंच लागेल आणि मोकळे दालन लागेल. आणि कदाचित असेही होईल की एखाद्या पिढीला मराठी नाटक करण्याची पुन्हा हौस येईल. या दोन्ही शक्यता खुल्या ठेवणे आपल्या हाती आहे. त्यांतील एक निवडणे आपल्या हाती नाही. सर्वसाधारण सभेत मत देताना प्रत्येकाने आपण मालक म्हणून सही करीत आहोत की कार्यभार सोपविणारे म्हणून, एवढा विचार करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.



जय हिंद, जय महाराष्ट्र, जय छत्तीसगढ.